गाणे कच्चे असतानाच घेऊन जा

मिरज,
रविवार, सकाळ

चि. मनू हिस आईचे अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तू फोनवर सांगितलेस की शनिवारी तुमच्या कार्यालयातील पाचसहा जण एकीच्या घरी जमले होते, प्रत्येकाने स्वतः रचलेले एकेक गाणे म्हटले, आणि तुझी पाळी आली तेव्हा तू गिटार शेजारच्याच्या हाती देऊन मोकळी झालीस. मी कारण विचारले, तर “अजून पूर्ण झालेले नाही” एवढेच म्हणालीस. तुझा आवाज थकलेला वाटला म्हणून मी त्या वेळी पुढे काही बोलले नाही. शिवाय मला जे सांगायचे आहे ते घाईने सांगण्यासारखे नाही. म्हणून आज सकाळची कामे आटोपून कागद घेऊन बसले आहे.

गेल्या महिन्यात तू त्याच गाण्याचे मुखड्याचे आणि एका कडव्याचे ध्वनिमुद्रण मला पाठविलेस आणि खाली लिहिलेस, “कुणाला ऐकवू नकोस.” मी कुणालाही ऐकविलेले नाही, तुझ्या बाबांनासुद्धा नाही. परंतु कणीक मळताना, पाणी भरताना तुझी दुसरी ओळ माझ्या तोंडी येते, आणि बाबा विचारतात की हे कोणते गाणे, तेव्हा मला गप्प बसावे लागते. जे गाणे ऐकणाऱ्याच्या तोंडात आपोआप बसते, ते कपाटात ठेवण्याचे गाणे नव्हे, असे मला मनापासून वाटते.

कपाटावरून आठवले. आपल्या लोखंडी कपाटाच्या खालच्या खणात निळ्या पुठ्ठ्याची एक वही आहे. लहानपणी तू तिच्यावर चित्रे काढली होतीस म्हणून तुला ती ठाऊक आहे, पण तिच्यात काय आहे हे मी तुला कधी सविस्तर सांगितले नाही. १९८६ ते १९९८ या बारा वर्षांत मी लिहिलेली सदतीस गाणी त्या वहीत आहेत. प्रत्येक गाण्याला मी पेटीवर बसून चाल लावली होती. मी तेवीस वर्षांची असताना एका स्पर्धेत स्वतःची चाल म्हटली, आणि परीक्षकांनी मंचावरूनच, सर्वांसमक्ष, सांगितले की मुलींनी आधी शिकविलेले नीट म्हणायला शिकावे, चाली बांधण्याच्या भानगडीत पडू नये. त्या दिवसानंतर मी रचत राहिले, परंतु दार लावून. चाली कागदावर उतरवून ठेवण्याची गरजही मला वाटली नाही, कारण त्या माझ्याच होत्या आणि मी त्या विसरेन असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. आज वही उघडली की शब्द समोर असतात, खाली तारीख असते, आणि छत्तीस गाण्यांच्या चाली मला आठवत नाहीत. पहिल्या ओळीचे पहिले दोन स्वर कधी हाताशी लागतात आणि तिथेच वाट संपते.

उरलेले एक गाणे म्हणजे तुझ्या दादाच्या वेळी केलेला पाळणा. तो वाचला, कारण शेजारच्या काकूंच्या आणि आपल्या स्वयंपाकघराच्या मध्ये एकच भिंत होती. मी त्याला थोपटताना जे म्हणत असे ते भिंतीपलीकडून ऐकून त्यांनी उचलले. पुष्कळ वर्षांनी मी त्यांच्याकडे गेले असताना त्या तांदूळ निवडीत बसल्या होत्या आणि माझा पाळणा म्हणत होत्या. मी दारातच थांबले. मी जिथे शुद्ध निषाद लावीत असे अशी माझी समजूत होती, तिथे त्या कोमल निषाद लावीत होत्या, आणि तो तिथे फार गोड लागत होता. आता मीही तो पाळणा त्यांच्याच निषादाने म्हणते. माझी चाल माझ्यापेक्षा त्यांनी अधिक सांभाळली, एवढे मात्र खरे.

आपल्याकडे बायकांनी गाणी केली ती अशीच एकमेकींच्या आधाराने केली. माझ्या आजीच्या जात्याला दोघी बसत. एकीने ओवी उचलावी आणि दुसरीने तिला जोड द्यावी, आणि पीठ होईपर्यंत दहापंधरा ओव्या होऊन जाव्यात. त्यांतली कोणती कुणाची, हे विचारण्याची पद्धतच नव्हती. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी आपल्या सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून अशा एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्या ओव्या म्हणणाऱ्या बायकांपैकी कुणी स्वतःला कवयित्री म्हणवून घेतले नव्हते आणि “अजून पूर्ण झालेली नाही” म्हणून ओवी पदराखाली झाकूनही ठेवली नव्हती. मला ही गोष्ट उशिरा कळली. तुला ती आजच कळावी, अशी माझी इच्छा आहे.

आमच्या बैठकीविषयी तू नेहमी विचारतेस, पण मी कधी नीट लिहिले नाही. आम्ही महिन्यातल्या दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी संध्याकाळी ब्राह्मणपुरीतल्या एका वाड्याच्या ओसरीवर जमतो. आठ जण आहोत. तबल्यावरचे काका रेल्वेत गार्ड होते. एक बाई रुग्णालयात परिचारिका आहेत आणि रात्रपाळी नसेल तेव्हा येतात, त्यांची शब्दांची समज आम्हां सर्वांपेक्षा चांगली आहे. एक मुलगा तुझ्याच वयाचा आहे आणि गिटार वाजवितो. आमच्यांपैकी कुणीही गाण्यावर पोट भरीत नाही. प्रथा एकच आहे: ज्याने नवे गाणे आणले असेल त्याने ते दोनदा म्हणायचे. पहिल्या वेळी कुणाच्या हातात कागद नसतो आणि कुणी काही बोलत नाही. मग शब्द लिहिलेले कागद वाटले जातात आणि गाणे पुन्हा म्हटले जाते. त्यानंतर जो बोलेल त्याने प्रथम हे सांगायचे की कोणती ओळ कानात राहिली, बाकीचे पुढे. ही प्रथा काकांनी घातली. मला सुरुवातीला ती शाळकरी वाटली होती, परंतु पहिल्यांदा ऐकताना शब्द कळले की नाही हे कागद हातात असल्यावर कधीच समजत नाही, आणि रचणाऱ्याला तर ते मुळीच समजत नाही, कारण त्याला शब्द पाठ असतात.

आता मागच्या बैठकीत माझ्या गाण्याचे काय झाले ते ऐक, कारण त्यासाठीच हे पत्र मुख्यतः लिहीत आहे. तुझ्या आजीवर मी एक गाणे करीत आहे. बाबा रात्रीच्या पाळीवर असत तेव्हा ती दिवा बाहेर ठेवून वाट पाहत बसे, ते तुला आठवत असेल. मुखडा असा होता:

उंबरठ्यावर दिवा ठेवुनी
आई जागी अजून आहे

सोळा मात्रांची ओळ, आठ आठचे दोन तुकडे, आणि ठेका आठ मात्रांचा केरवा, म्हणजे प्रत्येक तुकड्याला तालाचे एक आवर्तन. चाल भीमपलास रागाच्या अंगाने बांधली होती. चौथ्या आवर्तनाच्या समेवर, म्हणजे पहिल्या मात्रेवर, मी तार षड्जावर, वरच्या ‘सा’वर, जाऊन थांबत होते, आणि ती जागा मला इतकी आवडली होती की दोन आठवडे मी ती घरभर म्हणत फिरत होते. पहिल्या वेळचे म्हणून झाले, कागद वाटले गेले, आणि परिचारिका बाई कागदाकडे पाहून म्हणाल्या, “ताई, तुम्ही ‘आजून’ म्हणता आहात. कागदावर तर ‘अजून’ आहे.” मी पुन्हा म्हणून पाहिले. खरेच होते. समेवर ‘अ’ हे लघु अक्षर येत होते, आणि मी तिथे थांबत असल्यामुळे ते ओढले जाऊन त्याचा ‘आ’ होत होता. इतक्या वेळा म्हटले, पण माझ्या कानाला ते एकदाही खटकले नव्हते.

काकांनी डग्ग्यावर हात ठेवून ओळ नुसती बोलून पाहिली, मग म्हणाले, “शब्द फिरवून बघा. ‘आई अजुनी जागी आहे.’” मात्रा तितक्याच, सोळाच्या सोळा, परंतु आता समेवर ‘जा’ हे दीर्घ अक्षर आले, आणि तेही ‘जागी’ या शब्दाचे, म्हणजे ज्या शब्दासाठी सारे गाणे आहे त्याचे. आम्ही सगळेच क्षणभर स्तब्ध झालो. मग गिटारवाल्या मुलाने संकोचत विचारले की कडवे कुठे सुरू झाले ते त्याला कळलेच नाही, तर तो काही चुकतो आहे का. तो चुकत नव्हता. मुखड्यातच मी तार षड्ज खर्च करून बसले होते, त्यामुळे अंतऱ्याला, म्हणजे कडव्याला, वर जायला जागाच उरली नव्हती. आता मी ‘जागी’वर मध्यमावर थांबते, तो भीमपलासाचा वादी, म्हणजे मुख्य, स्वर असल्यामुळे तिथे थांबणे शोभतेही, आणि तार षड्ज कडव्यासाठी राखून ठेवला आहे. ज्या जागेवर मी जीव टाकत होते तीच जागा काढावी लागली, आणि गाणे उभे राहिले. ‘अजुनी’ हे रूप मला अजूनही थोडे पुस्तकी वाटते, ‘अजून’ बोलण्यातले आहे आणि आजीच्या तोंडचे आहे. त्या बाबतीत माझे मन अद्याप पूर्ण मानलेले नाही.

हे सारे एका संध्याकाळी, चहा निवण्याच्या आत झाले. मी एकटी असते तर वर्षभरात झाले नसते. मनू, गाणे पूर्ण झाल्यावर लोकांत न्यायचे, असा क्रम तू मनात धरला आहेस. तो उलटा आहे. पूर्ण झालेले गाणे नेले तर लोक वाहवा करतील, फार तर गप्प बसतील, कारण बदलायला त्यात काही सैल उरलेलेच नसते आणि रचणाऱ्यालाही बदलण्याची तयारी नसते. आपल्या गल्लीपलीकडच्या सतारमेकरांच्या दुकानात तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारेचा गुंजणारा नाद, काढताना पाहत तू लहानपणी तासन्‌तास बसत असस. कारागीर तारांखालच्या घोडीवर कानशीचा एक हलका हात फिरवितो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा एक हात फिरवितो. घोडी बसविण्याआधी हे करता येत नाही, आणि फार घासली गेल्यावरही करता येत नाही. तुझे गाणे आज नेमके त्या मधल्या अवस्थेत आहे.

तू गाणे नेशील तेव्हा आधी दहा मिनिटे क्षमा मागत बसू नकोस. आवाज बसला आहे, सराव नाही, तिसरे कडवे लिहायचे आहे, हे सगळे ऐकून लोकांचे कान आधीच दयेने भरून जातात. त्याऐवजी तुला जे विचारायचे आहे तेवढेच विचार. मला विचारशील तर तुझ्या गाण्यात विचारण्यासारखी एकच गोष्ट आहे: कडव्याच्या शेवटी मुखड्यावर परत येताना ऐकणाऱ्याला वाट पाहावीशी वाटते का, की मुखडा नुसता ओढून आणल्यासारखा वाटतो? मला स्वतःला ती जागा किंचित घाईची वाटते, परंतु मी तुझी आई आहे, माझ्या एकटीच्या कानावर विसंबू नकोस.

आणखी एक गोष्ट मला तुझ्या पद्धतीविषयी सांगायची आहे. तू आधी गिटारवर चार कॉर्ड फिरवतेस आणि त्यांवर गुणगुणत चाल शोधतेस. त्यात गैर काही नाही. परंतु कॉर्ड चार मात्रांनी बदलते म्हणून चालही दर चार मात्रांनी नवा श्वास घेते, आणि मग ओळीचा अर्थ जिथे संपत नाही तिथे चाल संपते. एक दिवस गिटार बाजूला ठेव, फोनवरचा तंबोरा लाव, आणि तेच गाणे नुसत्या षड्ज-पंचमावर म्हणून पाहा. जी ओळ तशीही उभी राहते ती खरी तुझी आहे. जी कोसळते तिला कॉर्डने धरून ठेवले होते असे समज. शब्दांच्या बाबतीतही अशीच एक चाचणी आहे. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात फारसी शिकविणाऱ्या माधवराव पटवर्धनांनी मराठी जातिरचनेची, म्हणजे मात्रा मोजून बांधलेल्या पद्याची, मांडणी पाच, सहा, सात आणि आठ मात्रांच्या आवर्तनांवरून केली. ओळ हाताने टाळी देत मोठ्याने वाचली की ती सहाची आहे की आठची ते कळते, आणि मग सहा मात्रांच्या दादऱ्याच्या ओळीला केरव्यात कोंबण्याचा हट्ट आपोआप सुटतो. तुझ्या कडव्याची तिसरी ओळ मला सातची वाटते, बाकीच्या आठच्या आहेत. मोजून पाहा.

तू एकदा म्हणाली होतीस की तुमच्यातला एक जण आधी चाल करतो आणि मग शब्द भरतो, आणि तुला ते खोटे वाटते. तसे म्हणू नकोस. सांगलीच्या खाडिलकरांचे ‘मानापमान’ १९११ मध्ये रंगभूमीवर आले, त्याच्या चाली गोविंदराव टेंब्यांनी उत्तरेकडच्या बंदिशी, ठुमऱ्या, दादरे यांवरून घेतल्या आणि पदे त्या चालींवर बसविली गेली. तरी ती पदे शंभर वर्षे लोक म्हणत आहेत. ‘गीतरामायणा’त उलट झाले. १ एप्रिल १९५५ पासून वर्षाहून थोडा अधिक काळ पुणे आकाशवाणीवरून दर आठवड्याला नवे गीत जात असे. माडगूळकरांनी शब्द लिहावेत आणि फडक्यांनी चाल लावावी, अशी छप्पन्न गीते झाली. दोन्ही वाटा घरापर्यंत येतात. जुन्या नाटकांच्या छापील पुस्तकांत पदाच्या वर मूळ चाल कोणती ते लिहिलेले असे, आणि ते लिहिण्यात कुणाला कमीपणा वाटत नसे. तुझी चाल कुणाला आधी ऐकल्यासारखी वाटली, तर चेहरा पडू देऊ नकोस. कशासारखी वाटली ते विचार, त्याच वेळी म्हणून पाहा, आणि खरेच तसे असेल तर तसे मोकळेपणाने सांगून टाक.

दुसऱ्यांचे गाणे ऐकताना तू कशी ऐकतेस, यावर तुमचा मेळावा टिकेल की नाही ते ठरेल. कुणाचा आवाज फाटतो, कुणाची पट्टी चुकते. त्याचा चालीशी संबंध नसतो. आमच्या काकांना पेटीवरच्या काळी एक पट्टीच्या वर जाता येत नाही, पण त्यांनी बांधलेली रूपक तालातली एक चाल मी काळी चारमध्ये म्हटली तेव्हा ती काय आहे ते सगळ्यांना कळले. तुझ्यापाशी आवाज आहे. तो अधूनमधून दुसऱ्याच्या गाण्याला दे. मात्र कुणाची ओळ ऐकताच तिथल्या तिथे स्वतःच्या पद्धतीने ती नव्याने रचून दाखवू नकोस. काकांनी माझे शब्द फिरविले, हे खरे; परंतु ते माझेच शब्द होते, त्यांनी एकही नवा आणला नाही.

ध्वनिमुद्रण मात्र प्रत्येक वेळचे ठेव, पहिले ओबडधोबड म्हटलेलेसुद्धा, आणि त्याच्या जोडीला स्वर कागदावर उतरव. भातखंड्यांची लिपी तू शाळेत शिकली आहेस: कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी, मंद्राला खाली टिंब, ताराला वर. फोन बिघडतो, हरवतो. माझी वही चाळीस वर्षे टिकली, फक्त तिच्यात स्वर नव्हते. तुमच्यातले कुणी दुसऱ्या गावी गेले तर एकाच वेळी फोनवरून वाजविण्याच्या फंदात पडू नका. आमचे एक सभासद नागपूरला राहायला गेले तेव्हा आम्ही तसा प्रयत्न केला होता. आवाज पोचायला जो निमिष लागतो तेवढ्याने ठेका मागे पडतो आणि कुणाचीच मात्रा कुणाला सापडत नाही. आता काका ठेका वाजवून पाठवितात, नागपूरकर त्यावर गाऊन परत पाठवितात, आणि शनिवारी आम्ही ते एकत्र ऐकतो.

तुझ्या दादाला मी त्या पाळण्याची गोष्ट काल सांगितली. त्याला स्वतःला पाळणा अर्थातच आठवत नाही, पण काकूंचा आवाज आठवतो म्हणाला. निळ्या वहीतली तीन गाणी मी नव्याने चालीला घेतली आहेत. जुन्या चालींचा नाद सोडला. त्यांतले एक दिवाळीला तू आलीस की तुझ्या गिटारवर बसवू.

पुढच्या शनिवारी काय झाले ते कळव. आणि तू गाणे त्यांच्यापुढे म्हटलेस, तर मला तुझ्या बाबांना ते ऐकविण्याची परवानगी दे. आता गुपित राखणे मला कठीण जाऊ लागले आहे. पट्टी कोणती ठेवलीस तेही लिही, म्हणजे पेटीवर काढता येईल.

तुझी,
आई